परदेशात मानवाधिकारांची इंटर्नशिप: अर्जातल्या या चुका टाळा

एमएच्या मुलामुलींचे अर्ज मी वाचून देते. बहुतेकांची सुरुवात एकसारखी: ‘मला लहानपणापासून मानवाधिकारांची तळमळ आहे.’ तळमळ खरी असते, पण जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात बसून अर्ज चाळणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही.

मुंबईत गोवंडीची एक मुलगी आठवते. झोपडी तुटल्यावर पर्यायी घरासाठी कोण पात्र ठरलं, कोण अपात्र, कोणाचा फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) होता आणि कोणाचा पावसात वाहून गेला, हे ती घरोघरी जाऊन टिपून ठेवायची. अर्जात हे सगळं शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘फील्डवर्क’ एवढ्या एका शब्दात! आम्ही तेच वर आणलं. मग त्याला कायद्याची जोड दिली. १९८५च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका ही राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्कात धरली, तो खटला याच शहरातल्या फुटपाथवासीयांचा. आर्थिक-सामाजिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९मध्ये स्वीकारला आणि त्याच्या कलम ११मध्ये पुरेशा निवाऱ्याचा हक्क आहे. वस्तीतली वही आणि करारातलं कलम एका परिच्छेदात आलं की अर्ज तुमचाच होतो, दुसऱ्या कोणाचा राहत नाही. यावर वेळ घालवा, बाकी सगळं त्यानंतर.

पैशांचा हिशेब मात्र अर्ज करण्याआधीच मांडा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालयही त्यातच येतं. विमान, व्हिसा, विमा, राहणं, सगळं आपल्या खिशातून. युनिसेफ, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) विद्यावेतन देतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी तिथेच पाहा, त्यात कमीपणा अजिबात नाही. आणि कोणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर तिथल्या तिथे थांबा. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत.

सचिवालयासाठी पात्रता साधारण अशी: पदवीचं शेवटचं वर्ष, पदव्युत्तर शिक्षण चालू, किंवा पदवी मिळून एक वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू. ‘आधी नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देते, मग बघू’ म्हणत हे वर्ष हातातून गेलेली मुलं पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. बोनाफाइड आणि शिफारसपत्रासाठी सरांना आदल्या रात्री फोन करू नका.

शेंजेन व्हिसावर, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. इंटर्नशिप सहा महिन्यांची असेल तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा वेगळा व्हिसा लागतो आणि त्याला वेळही जास्त जातो. निवडीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कागद जमवायला घ्या.

उत्तरच आलं नाही तर? बहुधा निवडलेल्यांनाच कळवतात. तेवढ्यात हातावर हात ठेवून बसू नका. दिल्लीचा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात इंटर्न घेतो. तिथे अर्ज टाका आणि वस्तीतली वही लिहिणं चालू ठेवा. पुढच्या अर्जाचा पहिला परिच्छेद तिथूनच येईल.