जुन्या गाडीच्या मॅनिफोल्डला जंग? या चुका टाळा

आपल्याकडं जुनी अँबेसेडर, पद्मिनी, पेट्रोल जीप जीव लावून सांभाळणारे बरेच आहेत, पण बॉनेट उघडलं की तेच ते, बॉडी चकाचक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर सायलेन्सरकडं नेणारा तुकडा, विटकरी, हात लावला की पापुद्रे गळतात. विदर्भातली हवा कोरडी, इथं कुठं जंग लागतो, असंही लोक म्हणतात. उन्हाळ्यात नाही लागत ना भाऊ, पण जून ते सप्टेंबर गाडी ताडपत्रीखाली उभी असते तेव्हा लागतो. मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कंपनीचं कोटिंग असलंच तर केव्हाच जळून गेलेलं, उघड्या बिडाला पावसाळी हवेत एका रात्रीत लाली येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जंगावरच रंग मारणं, आणि तोही कुठलाही. शेजारच्या गावच्या एका दादानं दसऱ्याच्या पूजेला गाडी चमकली पाहिजे म्हणून आदल्या संध्याकाळी अँबेसेडरच्या मॅनिफोल्डवर रेड ऑक्साइड आणि त्यावर गेटला मारतात तो सिल्व्हर मारला. मी म्हटलं, दादा, आधी जंग तर काढा. तर म्हणे, "काहून एवढी मेहनत, रंगाखाली कोणाले दिसते?" दुसऱ्या दिवशी घरचे सगळे सोनं द्यायला निघाले आणि गाव ओलांडायच्या आत आतमध्ये असा धूर भरला की लेकरं खोकत खाली उतरली. फोड आले, रंग करपला, खाली जंग होता तसाच. नंतर तो करपलेला थर खरवडायला नुसता जंग काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. साधा रंग २०० डिग्रीच्या आसपासच दम सोडतो आणि पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड लोडवर ५०० च्या वर सहज जातो, मग टिकेल कसा?

मी हे काम एप्रिल-मेमध्येच करतो, घाई असेल तर करतच नाही. मॅनिफोल्ड खाली उतरवायचा, वायर ब्रशनं किंवा एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून धातू उघडा पाडायचा, थिनरनं पुसायचा, मग बोट लावायचं नाही कारण हाताचं तेलही रंग धरू देत नाही. त्याच दिवशी ६०० डिग्रीच्या वरचा हाय टेम्परेचर स्प्रे, पातळ पातळ हात. खाली प्रायमर नको, त्याच कंपनीचा त्याच तापमानाचा असेल तरच. आणि इथंच नवीन पोरं माती करतात, रंग हाताला सुकला की लगेच हायवेवर. हा रंग उष्णतेनं पक्का होतो. गाडीवर चढवून थोडा वेळ आयडलवर, पूर्ण थंड, मग जास्त वेळ, परत थंड, असं वाढवत न्यायचं, डब्यावर वेळ दिलेली असते ती वाचा. एवढा धीर नसेल तर मॅनिफोल्ड तसाच राहू द्या, खरंच.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे जंगावरच लावायचं रसायन, लावून वर रंग, हा शॉर्टकटही नको. तो थर चेसिसला ठीक आहे, मॅनिफोल्डच्या उष्णतेत सुटतो.

जळकं ऑइल फासणं तर अजिबात नको, अँबेसेडरला कार्बोरेटर त्याच बाजूला असतो, आग लागेल.

गरम मॅनिफोल्डवर पाणी मारू नका. शेतावरून आले की मोटारीचा पाइप धरून इंजिन धुणारे पाहिलेत मी. बीड तडकलं की वेल्डिंग भरवशाचं होत नाही, आणि जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड शोधायला भंगारवाल्यांकडं चकरा मारत बसावं लागतं.

गाडी खताच्या गोण्यांजवळ ठेवू नका. युरिया ओल ओढतो आणि पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, ते लोखंडाला खातं.

रोज फक्त दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करायची सवयही वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, मॅनिफोल्ड-सायलेन्सर नीट तापले नाहीत तर ते आतच साचतं, मग जंग आतून. त्यापेक्षा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चांगली अर्धा तास फिरवा.

आणि उतरवताना जाम स्टडवर (मॅनिफोल्ड धरून ठेवणारे इंजिनातले आटेवाले खिळे) पान्याला पाइप लावून जोर करू नका, तुटला की हेडमध्ये ड्रिल करत बसा. आदल्या रात्री जंग सोडवणारं ऑइल मारून ठेवा, सकाळी थोडं घट्ट थोडं ढिलं करत काढा. बसवताना नवीन गॅस्केट, पितळी नट, आणि पहिल्या दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर नट परत आवळा, ढिले पडतातच.