जॅझ पियानो त्रिकुटाचा अल्बम कसा ऐकावा

पियानो, डबल बास (खर्जातले स्वर देणारे मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम्स एवढ्याच वाद्यांचा जॅझ प्रथमच ऐकायचा असेल, तर अमेरिकन पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या त्रिकुटाने २८ डिसेंबर १९५९ रोजी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या अल्बमपासून सुरुवात करावी. त्यातील बहुतेक रचना ‘स्टँडर्ड’, म्हणजे आधीपासूनच वादकांच्या परिचयाची गाणी आहेत.

मोबाईलच्या स्पीकरवर बासचे खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून इअरफोन लावावेत. आणि उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात कूलरची घरघर रात्रभर थांबत नसल्याने पहाटेची वेळ निवडावी.

आधी या अल्बममधले ‘ऑटम लीव्हज’ हे गाणे घ्यावे. चार मात्रांचा एक खंड, असे ३२ खंड झाले की एक आवर्तन पूर्ण होते. ज्यांनी गावात खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजने म्हटली आहेत, त्यांचा हात आपोआप ठेका धरेल. मात्र भजनातल्या ध्रुपदासारखी मूळ चाल येथे वारंवार परतत नाही, तिच्याखालची स्वरसंगती (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा ठरलेला क्रम) तेवढी फिरत राहते, म्हणून ती चाल मनातल्या मनात गुणगुणत राहावी.

चाल संपताच स्कॉट लाफारो यांचा बास साथ सोडून स्वतःच बोलू लागतो, पियानो तुटक उत्तरे देतो आणि ठेका उघडपणे कोणीच धरत नाही. येथे मोजणी चुकतेच. माझी तर कित्येकदा चुकली. तेव्हा गाणे मागे न्यावे आणि या खेपेला केवळ बासकडे कान द्यावा. डिजिटल आवृत्तीत याच गाण्याचे दुसरे मुद्रणही मिळते, ते लगेच लावावे.