घरातल्या कॅसेटी आणि जुन्या एमपीथ्री सीडी फाईलमध्ये कशा आणायच्या

मशीन-बिशीन नंतर बघू, आधी घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि सीडी चादरीवर पसरा आणि दोन ढीग करा. एकात कंपनीच्या छापील कॅसेटी, नाट्यगीतं, अभंग, कोळीगीतं, म्हणजे जे आज ना उद्या कुठेतरी मिळेल. दुसऱ्यात घरी रेकॉर्ड केलेलं सगळं, बारसं, आजीच्या ओव्या, गॅदरिंग. हा दुसरा ढीग आधी करायचा, कारण तो दुसरीकडे कुठेच नाहीये.

आमच्याकडे नौपाड्याच्या घरात बाबांची एक साठ मिनिटांची कॅसेट होती, लोकलमधल्या भजनी मंडळाची. सकाळच्या गाडीत ठाण्याहून व्हीटीला जाताना कुणीतरी छोट्या रेकॉर्डरवर घेतलेली, टाळ आहेत, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरलाय, मधेच कुणीतरी "आत चला, आत चला" ओरडतंय आणि गाडी थांबली की बाबांचा आवाज एकदम मोकळा ऐकू येतो. ती मी एका दुकानात दिली होती, त्यांनी आवाज स्वच्छ करायच्या नादात टाळच पुसून टाकले. मूळ कॅसेट परत मिळाली म्हणून वाचलं सगळं, आणि तेव्हापासून मी हे घरीच करते.

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाजूला खाडी, त्यामुळे बुरशी ठरलेली. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसले तर ती अजिबात वाजवू नका, बुरशी हेडला, म्हणजे प्लेयरच्या टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना. ती वेगळी, सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेवा आणि स्वच्छ वाटतायत त्या आधी उरका. वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, वर्षानुवर्षं पडून टेप चिकटलेली असते ती सुटते. आतला स्पंजचा छोटा तुकडा पडला असेल तर आवाज दबलेला येतो, अशा वेळी स्क्रूवाली एखादी निकामी कॅसेट उघडून तिच्या खोक्यात टेप बदलायची, पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त पंखा बंद ठेवा.

डेक मात्र बरा हवा. यूएसबीवाले स्वस्तातले प्लेयर मिळतात पण त्यांचा स्पीड हलतो आणि पेटीचा सूर लाटेसारखा वरखाली होतो, त्यापेक्षा नातेवाइकांकडे माळ्यावर पडलेला जुना डेक मागून आणा. हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तरीही आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटला तर हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित, पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा आणि टाळ जिथे सगळ्यात खणखणीत ऐकू येतील तिथे सोडायचा. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक ह्या स्क्रूने पडतो, सॉफ्टवेअरने नाही पडत एवढा.

डेकच्या लाइन आउटमधून लॅपटॉपला जोडायचं, पण आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपचं भोक हेडफोन आणि माइकचं एकत्र असतं, त्यात आवाज मोनो येतो, म्हणून लाइन इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, आणि लेव्हल अशी की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास राहील, लाल दिवा लागला की तो भाग फाटला समजा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं पूर्ण वाजू द्यायची, घाई होत नाही, तोपर्यंत स्वयंपाक करा. मिनिटाला साधारण १० एमबी धरा. ही मूळ फाईल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज जराही न गमावता फाईल लहान करणाऱ्या प्रकारात ठेवायची, काहीही न पुसता, साफसफाई करायची ती कॉपीवर.

आता सीडी. स्टेशनबाहेर मिळायची ती दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आठवते ना, त्याचं गणित सोपं आहे, १२८ केबीपीएस दर्जाच्या फाईलला (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला) मिनिटाला जवळपास १ एमबी, सीडी ७०० एमबीची, म्हणजे पाच मिनिटांची दीडशे-एक गाणी बसायची. एमपीथ्री जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत तयार झालं आणि १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांना गाणी द्यायचं नॅपस्टर आल्यावर ह्याच छोट्या फाईली घरोघरी फिरायला लागल्या, कंपन्या कोर्टात गेल्या, २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं, पण लोकांना एकेक गाणं घ्यायची सवय लागलेली होती. ॲपलने २००३ मध्ये गाणं ९९ सेंटला विकायला काढलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. आपल्याकडे फ्लिपकार्टचं फ्लाइट नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान २०१२ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये बंद. पण ज्यांनी तेव्हा पैसे देऊन एमपीथ्री उतरवून ठेवली त्यांची गाणी अजून वाजतात, दुकान बंद झालं तरी, आणि मला फाईल हवी असते ती ह्याचसाठी. स्ट्रीमिंग ॲपमधलं डाउनलोडचं बटण तसं नाही, ते त्या ॲपच्या कुलपात असतं, वर्गणी संपली की गाणं वाजत नाही.

त्या स्टेशनवाल्या सीडी चोरीच्या होत्या, त्या कुणाला वाटू नका, त्यातलं जे आवडतं ते सरळ ओरिजिनल सीडी किंवा बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकार विकत असेल तर तिथून घ्या, तिथे फ्लॅकही मिळतं. ओरिजिनल सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाच्या प्रोग्रामने फ्लॅकमध्ये काढा. आणि १२८ ची फाईल ३२० ला कन्व्हर्ट करून काही होत नाही, गेलेला आवाज परत येत नाही, नुसती जागा जाते. कुणी ३२० म्हणून दिली तर स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडा, चित्र १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखं सपाट दिसलं तर ती बहुतेक १२८ चीच वाढवलेली आहे.

फार जुनी रेकॉर्डिंग टाकायची असतील तर आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं, दोन्ही बघूनच इंटरनेटवर टाका.

नावं लगेच द्या, ट्रॅक०१ ट्रॅक०२ ठेवलंत की संपलं. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्राममध्ये गायक, साल, कॅसेटची कुठली बाजू सगळं भरता येतं. प्रती तीन, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, माझी नेरूळला बहिणीकडे असते. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फाईल आहे तशी जाते.

बाबांच्या त्या कॅसेटवर आवाज सात-आठ जणांचे आहेत, मला दोनच ओळखू येत होते. त्यांच्यासोबत त्या डब्यात असणारे एक काका कळव्याला राहतात, त्यांना हेडफोन लावून दिला, ते एकेक आवाज आला की नाव सांगत गेले, मी मिनिट-सेकंदासकट टॅगच्या कॉमेंटमध्ये लिहीत गेले. एका आवाजाला ते थांबले, फाईल मागे घ्यायला लावली, तीनदा ऐकलं, आणि मग नाव सांगितलं.