सिडनीतला पांढरा काकाकुवा: बाल्कनीत या चुका टाळा

सिडनीत नव्याने राहायला आलेल्या मराठी घरातून भारतातल्या ग्रुपवर एक फोटो हमखास जातो. बाल्कनीच्या कठड्यावर पांढराशुभ्र मोठा पक्षी, डोक्यावर पिवळा तुरा आणि पुढ्यात पोळीचा तुकडा. भावना अगदी आपली आहे. कावळ्याला घास, चिमण्यांना तांदूळ, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण या पक्ष्याच्या बाबतीत बहुतेक तक्रारींचं मूळ त्या पोळीतच असतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

रानात हा काकाकुवा दिवसाचा मोठा भाग पोटामागे घालवतो. गवताचं बी वेचायचं, जमीन उकरून कंद नि मुळं काढायची, कठीण फळं फोडायची. चोच आयुष्यभर वाढत राहते आणि या कामात ती झिजते. पोळी, पाव किंवा सूर्यफुलाच्या बियांनी त्याचं पोट पाच मिनिटांत भरतं. मग वेळही मोकळा आणि चोचही. ती चोच चालते तुमच्या लाकडी कठड्यावर, खिडकीच्या चौकटीवर, सोलर पॅनेलच्या वायरींवर. २०१७ मध्ये तर ब्रॉडबँडच्या केबल कुरतडून या मंडळींनी सुमारे ८०,००० डॉलरचं नुकसान केल्याचं ऑस्ट्रेलियाच्या एनबीएन कंपनीने सांगितलं होतं.

पक्ष्याचं नुकसान याहून मोठं. पाव आणि नुसत्या बिया यांत कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडं कमकुवत होतात. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट तर पोपटांच्या कुळाला विषच. शिवाय एका ताटलीत दहा पक्षी चोच घालतात तेव्हा चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यावर औषध नाही. आई-बाबा भारतातून आले की त्यांना हे आधीच समजावून सांगा, कारण दुपारी घरी तेच असतात. खाऊ बंद केला की थवा लगेच जात नाही, काही दिवस येऊन ओरडतो. त्या दिवसांत कुणीही, एकदाही, काही टाकू नका. मधेच एक बिस्किट मिळालं की त्यांची चिकाटी दुप्पट होते.

कठडा वाचवायचा असेल तर ते बसतात त्या कडेवर धातूची पट्टी ठोका. सीडरसारखं मऊ लाकूड त्यांना फार आवडतं. नवीन डेक करताना ते टाळलेलं बरं. अंगणात पाण्याची पिचकारी चालते. दगड मारणं, जाळं लावून पकडणं मात्र नाही. हा इथला संरक्षित पक्षी आहे, परवान्याशिवाय त्याला पकडणं गुन्हा ठरतो.

ओळखण्यातही घोळ होतो. पांढरा दिसला की तोच, असं नाही. खरा पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा जवळजवळ ५० सेंटिमीटर लांब, चोच गडद, पंखांखाली फिकट पिवळी झाक. चोच फिकट, डोळ्याभोवती निळसर कातडी, तुरा आखूड, तर तो कोरेला, म्हणजे पांढऱ्या काकाकुव्याचाच दुसरा प्रकार. नर-मादी दिसायला सारखेच. चांगल्या उजेडात डोळा बघा: नराचा जवळपास काळा, मादीचा तांबूस तपकिरी.

तुरा उभारला म्हणजे पक्षी खूश झाला, असं समजून मुलं हात पुढे करतात. हे आधी थांबवा. तुरा घाबरल्यावर उभा राहतो, दरडावताना राहतो, नुसतं फांदीवर उतरतानाही राहतो. कठीण कवच फोडणारी चोच बोटाला चांगलीच जखम करते. थवा जमिनीवर चरत असताना उंच फांदीवरून एकटाच किंचाळणारा पक्षी बहुधा पहारेकरी असतो. जवळ आलेला धोका तुम्हीच आहात. पहाटे आणि संध्याकाळी होणारा कल्लोळ हा झाडावरच्या मुक्कामाची जागा सोडताना आणि परतताना होतो. त्यावर उपाय शोधत बसू नका.

कचऱ्याच्या डब्याचं प्रकरण बघण्यासारखं आहे. पक्षी डब्याच्या पुढच्या कडेवर उतरतो, झाकणाखाली चोच घालून ते उचलतो आणि चोचीत धरून कडेकडेने मागे, बिजागरीकडे चालत जातो. एका क्षणी झाकण स्वतःच्या वजनाने मागे कोसळतं. बार्बरा क्लंप आणि सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला: २०१८ पूर्वी ही करामत तीन उपनगरांत दिसत होती, २०१९ अखेरीस ४४ उपनगरांत. एकमेकांचं बघून ते शिकले होते. म्हणून झाकणावर वीट ठेवून निश्चिंत होणं ही चूक; वीट ढकलून पाडायलाही काही पक्षी शिकलेत. कचऱ्याच्या गाडीत डबा उलटा केल्यावर आपोआप सुटणारं कुलूप घ्या, आणि डबा कधी गच्च भरू नका. अर्धवट उघडं झाकण त्यांचं निम्मं काम करून ठेवतं.

अंगणातलं जुनं युकॅलिप्टस तोडायचा विचार असेल तर आधी ढोल्या बघा. काकाकुवा घरटं बांधत नाही, झाडाच्या ढोलीतच दोन-तीन अंडी घालतो. एवढी मोठी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. सिडनीच्या बाजूला विणीचा हंगाम ऑगस्ट ते जानेवारी. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी तर लागतेच, पण परवानगी मिळाली तरी या महिन्यांत करवत लावू नका.

शेवटी आजारी पक्षी. कठड्यावर पांढरी पूड पडली की लोक घाबरतात. ती पूड निरोगीपणाची खूण आहे. खास पिसांचा तो भुगा असतो, त्याने पिसारा नीट राहतो आणि चोचीवर राखाडी थर बसतो. चोच चकचकीत काळी दिसू लागली, पिसं गळाली किंवा वेडीवाकडी उगवली, तर तो विषाणूचा आजार असू शकतो. अशा पक्ष्याला दया म्हणून घरात आणू नका, खाऊही घालू नका. वन्यजीवांना मदत करणाऱ्या संस्थेला फोन करा: न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनी याच राज्यात) ‘वायर्स’ला, मेलबर्नकडे ‘वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया’ला. पक्षी नेमका कुठे आहे आणि उडू शकतो का, हे सांगा. तो ज्या भांड्यातून पाणी प्यायला ते उचलून जंतुनाशकाने धुवा, म्हणजे पुढच्या पक्ष्याला लागण होणार नाही.