मामांच्या होडीला फिशफाइंडर

माझं वाईत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि माझे मामा धोम धरणावर मासे धरतात. परवाना आहे, 14 फुटी पत्र्याची होडी आहे, दोन वल्ही. इंजिन नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचं नवंकोरं जाळं पाण्याखाली कशात तरी असं गुंतलं की निम्मं कापून सोडून द्यावं लागलं. संध्याकाळी दुकानात येऊन बसले, चहा झाला, मग म्हणाले, "आरं, मासा कुठं फिरतोय ते मला कळतंय. खाली काय पडलंय तेवढं कळंना." त्या एका बोलण्यावर आम्ही फिशफाइंडर घेतला, म्हणजे आवाज सोडून पाण्याखाली काय आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र.

तुम्ही घेणार असाल तर आधी हेच मनात धरा. नाव काहीही असो, हे यंत्र तळ बघण्यासाठी घ्यायचं. धरण व्हायच्या आधी धोमच्या पाण्याखाली कृष्णेचं पात्र होतं, दोन्ही अंगांना शेतं होती, बांध होते, विहिरी होत्या, झाडं होती. ते सगळं गेलं कुठं? जिथल्या तिथं आहे, गाळात थोडं बुडालेलं. मासाही तिथंच रमतो: जुन्या पात्राच्या कडेला, खोडांच्या आडोशाला. आणि जाळंही तिथंच फाटतं.

यंत्राचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात. पाण्यात सोडायचा जो ठोकळा असतो, ट्रान्सड्यूसर, त्यात सिरॅमिकची चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते, आवाज पाण्यात जातो, तळाला आपटून परत येतो, आणि तीच चकती तो पडसाद ऐकते. गोड्या पाण्यात 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो. म्हणजे तळ 15 मीटरवर असेल तर जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली काढतं. माशाचा पडसाद मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. पाण्यात हवा असली की आवाज तिथूनच माघारी फिरतो. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी बुडबुडे आले की पडदा आंधळा होतो. पुढची सगळी बसवणी या एका गोष्टीभोवती फिरते.

काय घ्यावं

वल्ह्याच्या होडीला 4-5 इंची पडदा पुरतो. भर उन्हात दिसेल असा उजळ हवा, आणि जीपीएस हवंच हवं. जीपीएस नसेल तर आज दिसलेलं खोड उद्या सापडायचं नाही. 200 किलोहर्ट्झचा आवाजाचा झोत आपल्या धरणांना ठीक आहे. चर्प, म्हणजे एकाच सुराऐवजी सरकत जाणाऱ्या सुराचा आवाज, असेल तर चित्र जास्त स्वच्छ येतं, जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात. दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणारं महागडं यंत्र मोहात पाडतं, पण त्याला एकसारख्या वेगाने सरळ जाणारी होडी लागते. वल्ह्यावर ते साधत नाही, पैसे वाचवा.

झोत शंकूसारखा पसरतो हे मात्र लक्षात घ्या. 20 अंशाचा शंकू 10 मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचा तळ बघतो. 60 अंशाचा तिथंच साडेअकरा मीटर बघतो. रुंद झोतात मासे जास्त दिसतात, पण तळाचा बारकावा पुसला जातो. आम्ही अरुंदच चालू ठेवतो.

बसवणं

इंजिनाच्या होडीला ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर बसवतात: पंख्यापासून निदान दीड फूट लांब, तळाच्या रेषेच्या किंचित खाली, आणि त्याच्या पुढं रिबीट किंवा पट्टी नको, कारण तिच्यामागून बुडबुड्यांची माळ निघते. भोकं पाडली तर त्यात होडीसाठीचं सीलंट भरून मगच स्क्रू आवळा. फायबरच्या होडीत आतून चिकटवूनही चालतं, पण फायबर भरीव असेल तरच. दोन थरांच्या मधे फोम किंवा लाकूड असेल तर आवाज पार होत नाही. लाकडी होडीतून तर नाहीच.

आमच्या होडीला भोक पाडायला मामा तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून आम्ही काठाला अडकवायचा दांडा केला. एक इंची जीआय पाइप, साडेतीन फूट. वरच्या बाजूला काठाला आवळायचा शिकंजा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, खाली स्टीलची छोटी पट्टी, तिच्यावर ट्रान्सड्यूसर दोन बोल्टनी. शिकंज्याच्या जबड्यात जुन्या ट्यूबचं रबर घातलं, त्यामुळे पत्रा कुरकुरत नाही आणि दांडा सरकत नाही. पाइप शिकंज्यात थोडा कमी आवळलेला ठेवतो, म्हणजे खोडाला धडकलाच तर मोडण्याऐवजी मागं फिरतो. वरून एक दोरी होडीला बांधलेली. दांडा निसटून पाण्यात गेला तर सगळंच गेलं.

जागा ठरवताना आम्ही पहिल्यांदा चुकलो. मी दांडा मागं लावला, कारण सगळ्या चित्रांत तो मागं असतो. पण वल्हं मारलं की त्याचे बुडबुडे मागंच येतात. दर टोल्याला पडद्यावर धुकं. दुसऱ्या दिवशी दांडा वल्ह्याच्या पुढं घेतला आणि चित्र स्वच्छ झालं. मामा जाळं उजव्या अंगाने ओढतात, म्हणून दांडा डाव्या अंगाला. हे आधी बघा, नाहीतर जाळ्याची पहिली आस, म्हणजे जाळ्यातलं भोक, दांड्यालाच अडकेल.

खोली किती? होडीचा तळ जिथं संपतो त्याच्याही चार बोटं खाली. आमचा ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठापासून 25 सेंटिमीटर खाली आहे. आधी कमी ठेवला होता. मामा उजवीकडे वाकले की होडी कलायची, डावी बाजू उचलायची आणि ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर. ठोकळ्याचं तोंड सरळ खाली हवं. होडीत माणसं बसल्यावर दांडा ओळंब्यात आहे का ते बघा, रिकाम्या होडीवर नाही. आणि नवीन ठोकळ्याला पाणी चिकटत नाही, थेंब थेंब राहतात, त्यात हवा अडकते. भांडी घासायच्या साबणाने हलक्या हाताने पुसून घ्या.

वीज

हा माझा धंदा, म्हणून इथं थोडा थांबतो. बॅटरी 12 व्होल्टची. बाजारात शोधत फिरू नका, फवारणीच्या पंपाची बॅटरी चालते. ती साधारण 8 अँपिअर-तासांची असते. छोटं यंत्र अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे सकाळचे पाच-सहा तास बॅटरी निम्म्याच्या खाली जात नाही, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या वर राखली तरच टिकते. आपल्या यंत्राच्या पुस्तकात किती व्होल्ट चालतात ते एकदा वाचा.

लाल वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज घाला. पुस्तकात दिला असेल तेवढ्याच अँपिअरचा. आमच्याला 3 चा आहे. यंत्राच्या बाजूला घातलेला फ्यूज बिनकामाचा, कारण ओल्या होडीत वायर मधेच सोलली तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर तापून पेटते आणि फ्यूज उडतच नाही. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, डबा होडीच्या मधोमध, पट्ट्याने बांधलेला.

ट्रान्सड्यूसरची केबल लांब असते, 14 फुटी होडीत ती लोळते. ती कापायची नाही. मला स्वतःला वायर कापून नीट सोल्डर मारायची सवय आहे, तरी मी हात लावला नाही. आत जाळीचं आवरण असतं, ते तुटलं की बाहेरचा गोंगाट आत शिरतो. सैल वेटोळं करून बांधा. रात्री मामा एलईडी दिवा त्याच बॅटरीवर लावायचे तेव्हा पडद्यावर उभ्या रेघा यायच्या. दिव्याला वेगळी बॅटरी दिली, रेघा गेल्या.

दोरीने पडताळा

यंत्र चालू केल्यावर पहिल्यांदा 'गोडं पाणी' निवडा. खाऱ्या पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे चुकीची निवड राहिली तर खोली दोन-तीन टक्के चुकते. मग ट्रान्सड्यूसर जितका पाण्याखाली आहे तितकं अंतर खोलीत मिळवायला सांगा, ती सोय बहुतेक यंत्रांत असते.

आजोबांची एक दोरी मामांकडे आहे, खाली शिशाचा गोळा, दर वावेला एक गाठ. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, जवळपास सहा फूट. होडी थांबवून आम्ही ती सोडली: सात गाठी आणि वर एक हात. यंत्र म्हणत होतं 13.2 मीटर. हिशेब केला तेव्हा जुळलं. मामांचा यंत्रावर विश्वास बसला तो तिथं, माझ्या बोलण्याने नाही. तुम्हीही कडक तळावर एकदा दोरी सोडून बघा. गाळात गोळा रुततो आणि फसवतो.

पडदा वाचणं

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता होडीखाली जे आहे ते. डावीकडे सरकलेलं सगळं होऊन गेलेलं. हे डोक्यात बसायला आम्हाला आठवडा लागला. होडी उभी असताना एक मासा खाली थबकला तर पडद्यावर लांबच लांब रेघ येते. मासा लांब नसतो, वेळ लांब असतो. होडी चालत असताना मासा झोतात शिरतो तेव्हा दूर असतो, मधे आला की जवळ, निघताना परत दूर, म्हणून कमान उमटते. अर्धी कमान दिसली तर मासा झोताच्या कडेने गेला, किंवा दांडा तिरका झाला.

माशाचं चित्र काढून दाखवणारी सोय बंद करा. पानं, फांद्या, बुडबुडे, सगळ्याचे ती मासे करते. मामा पहिले दोन दिवस त्या चित्रांमागं होडी फिरवत होते.

तळाची रेघ मात्र जीव लावून बघा. काळा कातळ असेल तर रेघ ठळक, आणि उथळ पाण्यात बरोबर दुप्पट खोलीवर तिची सावली दुसऱ्यांदा उमटते. आवाज तळ, पृष्ठ, परत तळ असा दोनदा फिरून आलेला असतो. गाळ असेल तर रेघ जाड पण मऊ, विरत गेलेली. झाडाचं खोड तळाला चिकटलेल्या उलट्या खराट्यासारखं दिसतं. बांध म्हणजे छोटा उंचवटा, आणि आडवं जाऊन परत आलं की तो ओळीने पुढं चाललेला दिसतो. जुन्या पात्राची दरड पडद्यावर दिसते त्यापेक्षा जास्त उभी असते, कारण झोताच्या कडेला लागलेली वरची धार आधी उत्तर देते. त्या दरडीला चिकटून बसलेले मासे दिसतच नाहीत. तिथं पडदा रिकामा दिसला म्हणून जागा सोडू नका.

उन्हाळ्यात खोल, संथ पाण्यात मधल्या खोलीवर एक पुसट आडवा पट्टा येतो. वर कोमट पाणी, खाली थंड, त्यांच्या शिवेवरून आवाज थोडा परततो. खालच्या थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो, म्हणून मासा पट्ट्याच्या वर असतो. जाळं किती खोल सोडायचं ते तो पट्टाच सांगतो.

संवेदनशीलता 'आपोआप' या निवडीवर ठेवली तरी चालते. हाताने करायची तर पाण्यात ठिपके दिसेपर्यंत वाढवा, मग जराशी उतरवा.

वही

धोमचं पाणी पावसाळ्यात वर चढतं आणि कालव्यांना सोडत सोडत उन्हाळ्यापर्यंत खूप उतरतं. म्हणून "खोड, 9 मीटर" असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही त्या दिवशीची धरणाची, समुद्रसपाटीपासूनची पाणीपातळी लिहितो आणि तिच्यातून खोली वजा करतो. खोडाची उंची कायम, पाणी बदलतं. पातळी 4 मीटर उतरली की तेच खोड 5 मीटरवर येणार, हे जाळं टाकायच्या आदल्या रात्री घरी बसून कळतं. जागेला जीपीएसमधे खूण, वहीत उंची आणि जे दिसलं ते. विणीच्या दिवसांत आम्ही जाळं टाकत नाही, पण होडी काढतो आणि नुसता तळ लिहितो. त्या दिवसांत वही सगळ्यात जास्त भरते.

मागच्या पावसाळ्यात कमळगडाच्या अंगाला सपाट तळ चालला होता, आणि एकाएकी दोन मीटर खड्डा पडला, तीन-चार वल्ह्यांत परत सपाट. आम्ही चार बाजूंनी त्याच्यावरून गेलो. दर वेळी तेवढाच. मामा पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ही कुणाची तरी हीर हाय रं." वहीत ती 'हीर' म्हणूनच आहे, आणि जाळं तिच्यापासून दहा वाव लांब पडतं.