पाय मुरगळला? या चुका टाळा

गड उतरताना शेवटच्या टप्प्यात घसाऱ्यावर माझा उजवा पाय आत वळला. खाली गावात पोचल्यावर एका जाणत्या माणसाने पाय मांडीवर घेतला, तेल लावून अंगठ्याने दाबत चोळला आणि शेवटी पंजा धरून एक हिसका दिला. "शीर बसली," म्हणाला. हेतू चांगलाच होता, पैसेही घेतले नाहीत. पाचव्या दिवशी एक्स-रे काढला, तेव्हा करंगळीमागच्या लांब हाडाच्या बुडाशी चीर दिसली. मोडलेलं हाड आम्ही दोघांनी मिळून रगडलं होतं.

म्हणून पहिली चूक हीच: चोळणं आणि ओढणं. मुरगळताना कुठलीही शीर चढत नाही, त्यामुळे ती बसवायचीही नसते. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक फिब्युला यांच्या खालच्या टोकांमध्ये टॅलस नावाचं हाड खुंटीसारखं बसलेलं असतं. बाहेरून त्याला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, धरून ठेवतात. पाय आत वळला की त्यांपैकी पुढचं लिगामेंट बहुतेक वेळा आधी ताणतं किंवा फाटतं. फाटलेल्या जागी आत रक्तस्राव चालू असताना जोरात चोळलं, तर सूज वाढते. गरम पाण्याचा शेकही पहिले दोन-तीन दिवस नको. हळदीचा लेप हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण त्याने फाटलेलं लिगामेंट जुळत नाही.

उतरतानाच पाय इतका का मुरगळतो, हे मला फार उशिरा कळलं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. चवडा खाली झुकला की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. चढताना उलट, रुंद भाग घट्ट बसतो. दिवसभर चढून पोटऱ्या थकलेल्या आणि सांधा मुळातच सैल, असा तो उतार असतो.

दुसरी चूक एक्स-रेबद्दलची. "चालता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे" हे खरं नाही. मी पाच दिवस लंगडत का होईना, चालत होतो. आणि खूप सुजलंय म्हणजे मोडलंच, हेही खरं नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या भागात किंवा पायाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर बोटाने हाड दाबून पाहायचं: बाहेरच्या आणि आतल्या घोट्याचं टोक व त्यावरची मागची कड साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत, करंगळीमागच्या हाडाचं बूड, आणि पायाच्या आतल्या कडेला घोट्यापुढचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबून दुखलं, किंवा पडल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. माझ्या करंगळीमागच्या हाडाचं बूड त्या संध्याकाळी कुणी बोटाने दाबलं असतं, तर मी ओरडलो असतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र या परीक्षेवर विसंबू नये, थेट डॉक्टर गाठावा.

छोट्या चुकाही आहेतच. बर्फ थेट कातडीवर नको. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं पुरे. त्याने दुखणं कमी होतं, एवढंच त्याचं काम. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा. बोटं निळी, गार किंवा बधिर वाटली तर लगेच सोडा. अजून चालत खाली जायचं असेल, तर बूट काढू नका, नाडी सैल करा. सुजलेला पाय पुन्हा बुटात जात नाही.

दोन दुखणी मुरगळ समजून सोडून दिली जातात. बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही, असं झालं तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली असू शकते. पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. चवडा हलला नाही, तर त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाकडे जा. आणि प्लास्टर, अंथरुणाला खिळून राहणं किंवा लांबचा प्रवास यांनंतर एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, दुखू लागली, तर ती अजिबात चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची चूक, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: दुखणं थांबलं की पाय बरा झाला असं धरून चालणं. लिगामेंटमध्ये मेंदूला पायाचा कल कळवणाऱ्या संवेदी नसा असतात. लिगामेंट फाटलं की ती खबरही मंदावते. पाऊल वाकडं पडलंय हे उशिरा कळतं आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. महिनाभर पाय उशीवर ठेवून यावर उपाय होत नाही. हाड शाबूत असेल तर दुखणं सोसवेल तसं लवकरच पाऊल टेकवावं, बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवावीत. मग दात घासताना एका पायावर उभं राहावं. तीस सेकंद जमलं की डोळे मिटून, पण भिंत हाताशी ठेवून. पुढे एकाच पायाच्या चवड्यावर वीस वेळा वर-खाली.

हे सगळं न दुखता जमल्याशिवाय मी आमच्या गटात कुणाला गडावर नेत नाही. जमलं, तरी पहिल्या वेळी पायऱ्यांची वाट, घोट्याला पट्टा, हातात काठी आणि उजेड असतानाच उतरायला सुरुवात.