मिक्स्ड बोन मॅरो कायमेरा पहिल्यांदा करणार असाल तर

फ्लो सायटोमेट्री (पेशी खुणांवरून ओळखून मोजणं) येते, उंदीर हातात धरता येतो, नॉकआउट (एक जनुक बंद केलेल्या) उंदराच्या टी पेशी कमी दिसतात, आणि गाईड म्हणतात, "कायमेरा करून टाक, दोन महिन्यांत उत्तर मिळेल." इथपर्यंत आला असाल तर पुढचं वाचा. कायमेरा म्हणजे असा यजमान उंदीर, ज्याची स्वतःची अस्थिमज्जा रेडिएशनने मारून तिथे दात्या उंदराची मज्जा वाढवलेली असते. दोन महिन्यांत उत्तर मिळत नाही. नुसती मज्जा बसायला आठ ते दहा आठवडे लागतात. त्याआधी दात्या उंदरांची पैदास, आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरी आणि रेडिएशनचा स्लॉट आहेच. सेमिनारची तारीख गाईडच्या हिशेबाने देऊ नका.

हे सगळं खुणेवर चालतं, म्हणजे पेशी कोणाची हे सांगणाऱ्या चिन्हावर. १९५० च्या आसपास शिकागोत जेकबसन यांनी उंदराची प्लीहा शिशाने झाकून बाकी शरीराला मारक रेडिएशन दिलं, आणि उंदीर जगले. वाचवलं कशाने, प्लीहेतल्या एखाद्या रसायनाने की पेशींनी, यावर काही वर्षं वाद चालला. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलच्या फोर्ड, बार्न्स आणि लाउटिट मंडळींनी टी६ हे ओळखू येणारं गुणसूत्र असलेल्या दात्याच्या पेशी वापरून दाखवलं की यजमानाच्या मज्जेत दात्याच्याच पेशी वाढताहेत. वाद मिटला तो खुणेमुळे. आपल्या हातात आज सीडी४५.१ आणि सीडी४५.२ आहेत, रक्तपेशींवरच्या एकाच प्रथिनाची दोन रूपं. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. अशा पेशंटचा आज जो 'कायमेरिझम रिपोर्ट' काढतात, तोही हेच विचारतो: रक्तात दात्याचं किती, मूळचं किती.

रेडिएशनबद्दल थोडक्यात. बी६ या नेहमीच्या जातीच्या उंदराला साधारण १० ग्रे (रेडिएशन डोसचं एकक), दोन भागांत, मध्ये तीन-चार तासांचं अंतर. बाल्ब-सी ही जात नाजूक असते, तिला कमी. मशीन कोबाल्ट-६० चं असेल तर सीनियरच्या वहीतली मिनिटं उतरवून घेऊ नका. कोबाल्टची अर्धायु ५.२७ वर्षं आहे, म्हणजे ताकद महिन्याला सुमारे एक टक्का उतरते. तीन वर्षांपूर्वीची वेळ लावलीत तर १० ग्रे समजून पावणेसातच्या आसपास डोस द्याल, यजमानाची मज्जा पुरती मरणार नाही आणि तुम्ही दात्याच्या पेशींना दोष देत बसाल. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून ताजा तक्ता मागा. ते कुरकुरतात, पण देतात.

दात्याच्या पेशी शेपटीच्या शिरेत टोचायच्या असतात, त्याची धास्ती प्रत्येकाला असते. व्हिडिओ बघून हे येत नाही, माझं ठाम मत आहे. ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्या शेजारी उभं राहा, मग तो तुमच्या लॅबचा असो की प्राणीगृहातला कर्मचारी. आमच्याकडे सर्वांत सफाईदार हात पीएचडीवाल्याचा नव्हता. शेपटी कोमट करा, सुई जवळजवळ आडवी ठेवा. शिरेत असाल तर दट्ट्या अलगद सरकतो आणि शिरेची निळसर रेघ पुढे पुढे पुसट होत जाते. अडलं किंवा कातडीखाली पांढरा फुगवटा आला की थांबा, सुई काढा, बुंध्याकडे थोडं वर नव्याने टोचा. आणि पेशी जाळीतून गाळल्याशिवाय सिरिंजमध्ये भरू नका. गुठळी फुप्फुसात अडकली तर उंदीर तिथेच जातो. हात बसतो, सगळ्यांचा बसतो. याची काळजी करत झोप घालवू नका.

झोप घालवायची तर पुढच्या गोष्टीसाठी घालवा.

मिक्स्ड कायमेरात आपण सीडी४५.१ वाली वाइल्ड टाइप (जनुक शाबूत असलेली) मज्जा आणि सीडी४५.२ वाली नॉकआउट मज्जा निम्मी-निम्मी मिसळून एकाच यजमानात घालतो. यजमान दोन्ही खुणांचा, एफ१, म्हणजे दोन्हींच्या संकराची पहिली पिढी. दोन्ही पेशी एकाच घरात वाढल्या आणि तरी नॉकआउट मागे पडल्या, तर दोष पेशीच्या आतला. तर्क बिनतोड आहे. गोची 'निम्मी-निम्मी' मध्ये आहे. आपण काउंटरवर मोजतो त्या मज्जेतल्या एकूण पेशी. रुजतात त्या स्टेम पेशी, ज्यांच्यापासून बाकी रक्तपेशी बनतात, आणि त्या मूठभर असतात. दोन पोती बियाणं सारख्या वजनाचं असलं म्हणून उगवण सारखी होते का? नॉकआउटच्या मज्जेत स्टेम पेशीच कमी असतील तर पन्नास टक्के हा आकडा फक्त तुमच्या वहीत असतो.

समजा दहाव्या आठवड्यात रक्तात नॉकआउटचा वाटा बी पेशींत ३८ टक्के आणि टी पेशींत २० टक्के आला. आता सांगा, जनुक कुठे लागतं? घातलेलं मिश्रण खरंच ५०-५० असेल तर दोन्हीकडे फटका आहे. ते ४०-६० असेल तर बी पेशी ठीक आहेत, फटका टी पेशींना. दोन वेगळे पेपर झाले हे. आणि उत्तर असतं इंजेक्शननंतर ट्यूबच्या तळाशी उरलेल्या थेंबभर मिश्रणात, जे सगळे बेसिनमध्ये ओततात. मीही ओतलं होतं. कमिटी मीटिंगमध्ये "इनपुट रेशो किती होता?" असं विचारलं गेलं, तेव्हा उत्तर नव्हतं, आणि ती अख्खी बॅच पुन्हा करावी लागली.

म्हणून तो थेंब त्याच दिवशी स्टेन करा. सीडी४५.१, सीडी४५.२, आणि जमलं तर एलएसके (स्टेम पेशी ओळखायचा खुणांचा संच) सुद्धा, म्हणजे स्टेम पेशींकडचं प्रमाण कळतं. नंतर प्रत्येक उंदरात टी पेशींचं गुणोत्तर त्याच उंदराच्या बी पेशींच्या गुणोत्तराने भागा. वरच्या उदाहरणात २०/८० म्हणजे ०.२५, आणि ३८/६२ म्हणजे ०.६१. भागाकार ०.४१. हा आकडा उंदरागणिक फार हलला नाही तर तुमच्याकडे काहीतरी आहे.

एवढ्यानेही भागत नाही. नेहमीचा सीडी४५.१ उंदीर, म्हणजे बी६.एसजेएल, एसजेएल जातीकडून ती खूण आणताना पहिल्या गुणसूत्राचा आजूबाजूचा तुकडाही घेऊन आलाय. त्या तुकड्यात मज्जा रुजण्यावर परिणाम करू शकतील अशी आणखी जनुकं आहेत, हे २०१० मध्येच छापून आलंय. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने तो तुकडा टाळून फक्त खुणेपुरता बदल केलेला उंदीर बनवला, पण तो किती लॅबमध्ये असतो! नसेल तर वाइल्ड टाइप सीडी४५.१ अधिक वाइल्ड टाइप सीडी४५.२ असा कंट्रोल गट हवाच. "उंदीर कमी आहेत, कंट्रोल पुढच्या वेळी" असं कोणी म्हणालं तर प्रयोगच पुढच्या वेळी करा. इथे मी मऊ बोलणार नाही.

बाकीच्या गोष्टी सांभाळण्यासारख्या आहेत. नराची मज्जा मादीत घालू नका, वाय गुणसूत्रावरच्या प्रथिनांमुळे ती नाकारली जाऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत रक्तात यजमानाच्याच टी पेशी रेंगाळताना दिसतील. त्या रेडिएशनला चिवट असतात, घाबरू नका. मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि कातडीतल्या लँगरहान्स पेशी तर बहुतांशी यजमानाच्याच राहतात, त्यामुळे तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दल असेल तर हा प्रयोग तुमचा नाही. एक-दोन उंदीर रेडिएशन देऊन पेशींविना ठेवा. साधारण दोन आठवड्यांत ते ढासळले नाहीत तर डोस कमी पडला.

दहावा ते चौदावा दिवस सगळ्यात वाईट. पाण्यात अँटिबायोटिक, पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेलं खाद्य, रोज वजन. वीस टक्क्यांवर घसरण झाली की उंदराला दयामरण द्यायचं, वाट बघायची नाही. हे दिवस शनिवार-रविवारी आले तर प्राणीगृहात बघणारं कोणी नसतं. शुक्रवारी ट्रान्सप्लांट करा, म्हणजे दहावा दिवस सोमवारी येतो आणि चौदावा शुक्रवारी. शुक्रवारी मशीनचा स्लॉटही सहज मिळतो.